आवडता खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडतो तेव्हा

फुटबॉलमधील उत्तेजक द्रव्यांविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांत औषधांची नावे विचारणारे फार थोडे निघाले. बहुतेकांनी आपल्या मनाची उलघाल लिहून कळवली आहे. ज्याच्यावर वर्षानुवर्षे जीव लावला तो खेळाडू चाचणीत दोषी आढळल्यावर चाहत्याने त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्या सर्वांत आहे. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि आमच्या पेठेतील तालमीच्या लहान मुलांच्या संघात मधल्या फळीत खेळतो. फ्रान्सचा फुटबॉलपटू पॉल पोग्बा हा त्याचा आदर्श. इटलीच्या युव्हेंटस क्लबची काळी-पांढरी, दहा क्रमांकाची, पाठीवर पोग्बाचे नाव असलेली जर्सी त्याने वाढदिवसाला हट्टाने मागून घेतली होती. पोग्बा उत्तेजक चाचणीत सापडल्यावर बरोबरीची मुले त्याला ‘गोळीवाला’ म्हणून चिडवू लागली. त्याने ती जर्सी कपाटाच्या तळाशी कोंबली आणि भिंतीवरचे पोस्टर ओढून काढले. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही चार ठिकाणी निघाला. आता बंदी संपून पोग्बा पुन्हा खेळू लागला आहे, तेव्हा जर्सी घालू का, असे तो मला विचारतो. मी काय सांगावे? — एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलाने हा प्रश्न मित्रांना न विचारता आपल्याला विचारला, याचे मला फार बरे वाटले. त्याला ‘घाल’ किंवा ‘घालू नकोस’ एवढेच सांगण्यापूर्वी, शक्य असेल तर रात्रीच्या जेवणानंतर त्याला जवळ बसवून, घडले ते सर्व क्रमाने सांगावे, अशी माझी विनंती आहे. त्याला चिडवणाऱ्या मुलांनी बातमीचा पहिला तुकडा ऐकलेला आहे, आणि बहुधा त्यानेही तेवढाच ऐकला आहे.

२० ऑगस्ट २०२३ रोजी इटलीतील उदिने येथे युव्हेंटसचा हंगामातील पहिला साखळी सामना झाला. युव्हेंटसने तो ३-० असा जिंकला. पोग्बा त्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर होता आणि क्षणभरही मैदानात उतरला नव्हता, तरीही सामन्यानंतरच्या चाचणीसाठी त्याची निवड झाली. त्याच्या नमुन्यात शरीराबाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या खुणा आढळल्या. ११ सप्टेंबरला त्याला तात्पुरते निलंबित करण्यात आले. प्रत्येक खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत भरून सील केला जातो आणि पहिली बाटली दोषी ठरली, तर खेळाडूला दुसरी उघडण्याची मागणी करता येते. पोग्बाची दुसरी बाटलीही तेच सांगत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये इटलीच्या न्यायाधिकरणाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. तिशी ओलांडत असलेल्या मधल्या फळीतील खेळाडूच्या बाबतीत याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता, आणि त्या दिवशी वृत्तपत्रांनीही तसेच लिहिले.

त्यानंतर जे घडले ते फारच थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. पोग्बाने स्वित्झर्लंडमधील लॉझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लवादाने बंदी १८ महिन्यांवर आणली, कारण त्याने ते द्रव्य जाणूनबुजून घेतले नव्हते, तर फ्लोरिडातील एका डॉक्टरने दिलेल्या पूरक औषधातून ते त्याच्या शरीरात गेले होते, हे लवादाने मान्य केले. मात्र त्याच लवादाने असेही बजावले, की तो पूर्णपणे निर्दोष नाही. इतक्या अनुभवी व्यावसायिक खेळाडूने तोंडात टाकायची प्रत्येक गोष्ट अधिक काळजीने तपासायला हवी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसने परस्परसंमतीने त्याचा करार संपवला. जून २०२५ मध्ये मोनॅको क्लबच्या करारावर सही करताना त्याला रडू आवरले नाही.

म्हणून मुलाला असे सांगावे, की जर्सी खुशाल घाल, पण ‘पोग्बाने काही केलेच नाही’ असे कोणाशी भांडून सिद्ध करायला जाऊ नकोस, कारण ते खरे नाही. ‘गोळीवाला’ म्हणणाऱ्याला अठरा महिन्यांची शिक्षा, तिचे कारण आणि शिक्षा भोगून झाल्याची तारीख एवढेच शांतपणे सांगता आले, तर पुरे आहे. पेठेच्या मैदानावर इतके ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही, हे मी जाणतो. पण निदान आपल्या मुलाला ते ठाऊक असेल आणि कपाट उघडताना त्याला शरमेने मान खाली घालावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, आपण विचारली नसली तरी. मुलगा खेळतो आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांत कोणीतरी त्याच्या हातात ताकदीच्या पावडरीचा डबा ठेवील. पोग्बाची हकीकत त्या दिवशी त्याला आठवावी.

प्रश्न : १९९४ साली आम्ही वसतिगृहाच्या टीव्हीसमोर रात्र रात्र जागून विश्वचषक पाहत होतो. माराडोनाला स्पर्धेतून काढल्याची बातमी आली तेव्हा आमच्यातील दोघेजण अक्षरशः जेवले नाहीत. तो सारा फिफाचा डाव होता, हे आम्ही तेव्हापासून मानत आलो. आता माझी मुलगी मला पुरावा विचारते. आम्ही तीस वर्षे खोट्यावर विश्वास ठेवला काय? — एक निवृत्त प्राध्यापक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील न जेवलेल्या त्या दोन मित्रांविषयी मला मनापासून आपुलकी वाटते, कारण तो उन्हाळा मीही तसाच काढला आहे. तरीही आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे: होय, मुख्य मुद्द्यावर आपण स्वतःची समजूत घातली होती.

२१ जून १९९४ रोजी बोस्टनजवळच्या फॉक्सबरो मैदानावर ग्रीसविरुद्ध त्याने केलेला गोल आपल्याला आठवत असेल. दोन-तीन अचूक छोट्या पासनंतर चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला आणि क्षणात जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला. मग तो धावत सरळ कॅमेऱ्यापाशी आला आणि डोळे विस्फारून ओरडला. चारच दिवसांनी, २५ जूनला, त्याच मैदानावर नायजेरियाविरुद्ध अर्जेंटिना २-१ अशी जिंकली. दोन्ही गोल त्याचा सहकारी कानिग्गिया याचे होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सामना संपताच पांढऱ्या पोशाखातील एक परिचारिका मैदानात आली, तिने माराडोनाचा हात धरला आणि त्याला चाचणीसाठी घेऊन गेली. तो हसत होता, प्रेक्षकांकडे पाहून हात हलवत होता. अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पोशाखात तो पुन्हा कधीच खेळला नाही. ९१ सामने आणि ३४ गोल हा त्याचा हिशेब त्या दुपारी कायमचा बंद झाला. चाहत्याच्या मनात त्या परिचारिकेचे काय होऊन बसले असेल, ते मला समजते. जणू तिनेच त्याला हाताला धरून नेऊन कोणाच्या तरी स्वाधीन केले.

पण नमुन्यात काय सापडले, तर एफेड्रीन हे उत्तेजक आणि त्याच जातकुळीतील अशी एकूण पाच द्रव्ये. दुसऱ्या बाटलीनेही त्याला दुजोरा दिला. वजन उतरवण्यासाठी तो एक पूरक औषध घेत असे, ते संपल्यावर त्याच्या खाजगी प्रशिक्षकाने अमेरिकेत त्याऐवजी दुसरे आणले आणि त्यात एफेड्रीन होते, अशी हकीकत खुद्द माराडोनाच्या बाजूने मांडली गेली. म्हणजे द्रव्य शरीरात होते, हे त्याच्या बाजूलाही मान्यच होते. त्याला स्पर्धेतून मागे घेतले तेही प्रथम अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने. फिफाची १५ महिन्यांची बंदी आणि २०,००० स्विस फ्रँकचा दंड नंतर आला. शिवाय अमेरिकेत फुटबॉलची तिकिटे खपवायची होती आणि माराडोनाइतके मोठे नाव त्या स्पर्धेत दुसरे नव्हते. त्याला बाहेर काढण्यात आयोजकांचा फायदा कोणता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही माराडोनाप्रेमीने दिलेले नाही.

तरीही लोकांनी डावावर विश्वास का ठेवला, याला कारण आहे आणि ते आपल्या मुलीलाही सांगावे. फिफाशी त्याचे जुने वैर होते. १९८६ साली मेक्सिकोत युरोपातील टीव्हीच्या सोयीसाठी भर दुपारच्या उन्हात सामने ठेवले, तेव्हा त्याने उघड तक्रार केली होती. गरीब वस्तीतून वर आलेला आणि बड्या लोकांना तोंडावर सुनावणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा बांगलादेशापासून बंगाल-केरळपर्यंत घराघरांत पोहोचली होती. बंदीची बातमी आली तेव्हा ढाक्यात हजारो लोक निषेध करत रस्त्यावर उतरले. ज्या देशाचा संघ त्या स्पर्धेत नव्हता, त्या देशाच्या राजधानीत! ‘त्यांनी माझे पाय छाटले’ असे माराडोना म्हणाला, आणि चाहत्यांनी ‘त्यांनी’ या शब्दात आपापले शत्रू भरून घेतले. १९९१ साली नेपल्समध्ये कोकेनच्या चाचणीत सापडून त्याने १५ महिन्यांची बंदी एकदा भोगली होती, ही गोष्ट मात्र त्या गर्दीत कोणाला आठवावीशी वाटली नाही.

आपल्या मित्रांचे दुःख खरे होते आणि फिफाचा डाव खोटा होता. आपण मुलीला या दोन्ही गोष्टी सांगू शकता, आणि ग्रीसविरुद्धचा तो गोलही अवश्य दाखवू शकता. तो पाहताना आता मनात किंचित किंतु येईल. तो येऊ द्यावा.

प्रश्न : अर्जेंटिनाच्या २०२२ च्या विश्वविजेत्या संघातील पापू गोमेसवर दोन वर्षांची बंदी आली होती. मग अर्जेंटिनाचा चषक काढून का घेतला नाही? आमच्या कार्यालयातील ब्राझीलप्रेमी हा मुद्दा अजून सोडत नाहीत. — एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : गोमेसचा नमुना ऑक्टोबर २०२२ मध्ये, तो स्पेनच्या सेव्हिया क्लबकडे असताना घेतलेला होता. कतारमधील स्पर्धा त्यानंतरच्या महिन्यात सुरू झाली आणि निकाल लागेपर्यंत ऑक्टोबर २०२३ उजाडला. त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन हे श्वासनलिका मोकळी करणारे द्रव्य सापडले होते, आणि आपण लहान मुलाचे खोकल्याचे औषध घेतले, असे त्याचे म्हणणे होते.

सांघिक खेळांत संपूर्ण संघावर कारवाई होण्यासाठी त्याच स्पर्धेच्या काळात दोनपेक्षा अधिक खेळाडू दोषी आढळावे लागतात, असा जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचा नियम आहे. येथे खेळाडू एकच आणि नमुनाही स्पर्धेबाहेरचा. त्यामुळे चषकाचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या ब्राझीलप्रेमी सहकाऱ्यांना हा नियम दाखवावा. एकाच्या चुकीसाठी बाकीच्या पंचवीस जणांनी पदक का गमवावे, यावर पूर्वीपासून मतभेद आहेत. मला स्वतःला हा नियम योग्य वाटतो, फक्त दोनचा आकडा थोडा उदार वाटतो.

प्रश्न : मी बारा वर्षांपासून मेलबर्नमध्ये राहतो. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूची ‘फूटी’. माझे वयस्क शेजारी एसेंडन क्लबचे तीन पिढ्यांचे समर्थक आहेत. त्यांच्या फाटकाला सामन्याच्या दिवशी लाल-काळा स्कार्फ बांधलेला असतो. एरवी तासन्‌तास गप्पा मारणारे हे गृहस्थ त्या इंजेक्शनांच्या प्रकरणाचा विषय निघाला, की चहाचा कप खाली ठेवून उठून जातात. एका जुन्या प्रकरणाचा इतका त्रास का व्हावा? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांच्या जागी मी असतो, तर कदाचित मीही उठून गेलो असतो. खेळाडूवर रागवायचे की क्लबवर, हे ज्याला शेवटपर्यंत ठरवता आले नाही, अशा माणसाचे ते मौन आहे, असे मला आपले पत्र वाचून वाटले.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २०१२ च्या हंगामात एसेंडन क्लबने खेळाडूंची शारीरिक क्षमता वाढवण्यासाठी पूरक औषधांचा एक कार्यक्रम राबवला, त्यात खेळाडूंना वारंवार इंजेक्शने दिली गेली. खेळाडूंकडून संमतीपत्रांवर सह्या घेतल्या होत्या. परंतु कोणाला, कधी, नेमके काय टोचले, याची धड नोंदच क्लबकडे नव्हती. क्लबच्या स्वतःच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच पत्र लिहून चिंता व्यक्त केली होती, पण तिची दखल घेतली गेली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रकरण बाहेर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने क्लबला बाद फेरीतून काढले, २० लाख डॉलर दंड केला आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना वर्षभरासाठी दूर ठेवले. हर्ड म्हणजे २००० सालच्या विजेत्या संघाचे कर्णधार, एसेंडनच्या घराघरांतील लाडके नाव. म्हणून समर्थकांची मने तेथेच दुभंगली.

पुढची तीन वर्षे या लोकांनी जे सोसले, ते सहसा कोणत्या चाहत्याच्या वाट्याला येत नाही. मार्च २०१५ मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने पुरावा पुरेसा नाही म्हणून खेळाडूंना दोषमुक्त केले. समर्थकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, लॉझानकडे अपील केले आणि १२ जानेवारी २०१६ रोजी ३४ आजी-माजी खेळाडूंवर थायमोसिन बीटा-४ या प्रतिबंधित द्रव्याच्या वापरासाठी दोन वर्षांची बंदी आली. आधी भोगलेला काळ वजा जाऊनही २०१६ चा संपूर्ण हंगाम त्यात गेला. त्यांतील बारा जण तेव्हाही एसेंडनकडेच होते. क्लबने बाहेरून तात्पुरते खेळाडू आणून संघ उभा केला, आणि तो संघ गुणतक्त्यात सर्वांत खाली राहिला. कर्णधार जोब वॉटसन न्यूयॉर्कला गेला आणि तेथील एका कॉफीच्या दुकानात काम करू लागला. २०१२ सालचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेले ब्राउनलो पदक त्याला परत करावे लागले.

समर्थक क्लब सोडून गेले नाहीत, हरणाऱ्या संघासाठीही ते मैदानावर येत राहिले. त्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण आमच्या खेळाडूंनी काहीच चुकीचे केले नाही, हे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे मला पटत नाही. लवादाने दाखवून दिले होते, की उत्तेजक चाचणीच्या वेळी अर्जात अलीकडे घेतलेल्या औषधांची माहिती विचारली जाते, आणि खेळाडूंनी या इंजेक्शनांचा उल्लेख तेथे केलाच नव्हता. क्लबच्या डॉक्टरांना जाऊन विचारण्याचा साधा मार्गही त्यांना मोकळा होता. विशीतल्या मुलाने वरिष्ठांवर विश्वास ठेवणे मी समजू शकतो. म्हणूनच माझ्या मते मोठा दोष सुई टोचवून घेणाऱ्याकडे न जाता, ती टोचण्याची व्यवस्था करून वही कोरी ठेवणाऱ्यांकडे जातो. समर्थकांनी पहिल्या दिवसापासून एकच मागणी लावून धरायला हवी होती: ‘आमच्या पोरांना काय टोचले, ते आम्हाला सांगा.’ त्याऐवजी त्या वर्षांतील बराच काळ हर्ड यांच्या बाजूचे आणि विरोधातले अशा भांडणात गेला.

इटलीतही याच प्रकारचे घडले आहे. १९९८ साली प्रशिक्षक झ्देनेक झेमान यांनी फुटबॉलने औषधांच्या दुकानांतून बाहेर पडावे, असे जाहीरपणे म्हटले. त्यातून तुरीनमध्ये युव्हेंटसच्या डॉक्टरांवर खटला उभा राहिला. तपासात क्लबकडे २८१ प्रकारची औषधे आढळली होती. कनिष्ठ न्यायालयात डॉक्टर दोषी ठरले, अपिलात सुटले, आणि शेवटी मुदत उलटून गेल्यामुळे प्रकरण मिटले. युव्हेंटसच्या चाहत्यांनी राग धरला तो झेमान यांच्यावर. घरातील माणसाला काय दिले जात होते हे विचारण्यापेक्षा, दार ठोठावणाऱ्यावर ओरडणे त्यांनाही सोपे वाटले.

शेजाऱ्यांना पुन्हा कधी विचारणारच असाल, तर प्रकरणाविषयी विचारू नका. जोब वॉटसन कसा खेळायचा, ते विचारा. मला वाटते, ते बसून राहतील.

प्रश्न : बंदी भोगून आलेला प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू आमच्यासमोर खेळायला आला, तर त्याची हुर्यो उडवण्यात गैर काय? तिकीट आम्ही काढतो. — एक विद्यार्थी, फोंडा, गोवा

उत्तर : आपण सदर वाचता आणि प्रश्न सरळ विचारता, म्हणून उत्तरही सरळ देतो. मला ते गैर वाटते. जून २०१३ मध्ये एसेंडनच्या जोब वॉटसनने दूरदर्शनवरील मुलाखतीत आपल्याला काय टोचले गेले असे आपण समजतो, ते प्रामाणिकपणे सांगितले. त्याच आठवड्यात पर्थच्या मैदानावर चेंडू त्याच्या हाती आला रे आला, की वेस्ट कोस्ट संघाचे प्रेक्षक हुर्यो उडवत होते. तोपर्यंत त्याच्यावर कोणताही आरोप सिद्ध झालेला नव्हता. जो बोलला त्यालाच झोडपले. ज्यांनी तोंड उघडले नाही, त्यांच्या वाट्याला त्या संध्याकाळी काही आले नाही. पुढच्या खेळाडूने यातून काय धडा घेतला असेल, याचा आपणच विचार करावा.

याच्या उलट उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या कर्णधाराचे, पाओलो गेरेरोचे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्युनॉस आयर्स येथील पात्रता सामन्यानंतर गेरेरोच्या नमुन्यात कोकेन शरीरात विघटित झाल्यावर उरणारे द्रव्य सापडले. कोकाच्या पानांचा अंश असलेला चहा पिण्यात आल्याचे त्याने सांगितले. त्या प्रदेशात कोकाचा चहा घराघरांत होतो, हे लक्षात घ्यावे. फिफाने आधी एक वर्षाची बंदी घातली, ती अपिलात सहा महिन्यांवर आली. मे २०१८ मध्ये, विश्वचषकाला महिना उरला असताना, लॉझानच्या लवादाने ती वाढवून १४ महिन्यांची केली. पेरू ३६ वर्षांनी विश्वचषकात उतरत होता आणि कर्णधार घरी राहणार होता. लिमामध्ये चाहत्यांनी त्याच्यासाठी रस्ते भरून टाकले.

तेव्हा पेरूच्या गटातील तिन्ही प्रतिस्पर्धी संघांच्या कर्णधारांनी, म्हणजे फ्रान्सचा ह्यूगो लोरिस, डेन्मार्कचा सिमॉन केअर आणि ऑस्ट्रेलियाचा मिले जेडिनाक यांनी, फिफाला पत्र लिहून त्याला खेळू द्यावे, अशी विनंती केली. तो खेळला तर नुकसान त्यांचेच होणार होते. ३१ मे रोजी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. २६ जूनला सोची येथे पेरूने ऑस्ट्रेलियाला २-० असे हरवले आणि दुसरा गोल गेरेरोने केला. जेडिनाक त्या वेळी पराभूत संघात होता. विश्वचषक संपल्यावर उरलेली बंदी गेरेरोने पूर्ण भोगली, हेही सांगायला हवे. त्याची शिक्षा कोणी माफ केली नव्हती.

तिकीट आपण काढता हे खरे आहे. फातोर्ड्याच्या मैदानात बसून प्रतिस्पर्ध्याच्या खराब पासवर आपण जरूर ओरडा.

प्रश्न : मी लिव्हरपूलचा चाहता आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमचा बचावपटू मामादू साखो चाचणीत सापडल्याची बातमी आली त्या रात्री मी आमच्या चाहत्यांच्या गटात त्याच्याविरुद्ध फार वाईट शब्दांत लिहिले. अलीकडे जुने काही शोधताना ते समोर आले आणि मला झोप लागली नाही. आता काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. ही अस्वस्थता फार थोड्यांना होते, म्हणून घटनाक्रम जरा सविस्तर मांडतो.

त्या वर्षीच्या १४ एप्रिलला बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध ॲनफिल्डवर झालेला ४-३ चा सामना आपण विसरला नसाल. बरोबरीचा तिसरा गोल साखोच्या डोक्याने झाला होता. दहा दिवसांच्या आत बातमी आली, की मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यानंतर घेतलेल्या त्याच्या नमुन्यात हायजेनामीन हे द्रव्य सापडले आहे. चरबी घटवण्याच्या एका पूरक औषधातून ते आले होते आणि साखोने ते नाकारले नाही. युरोपीय संघटनेने, म्हणजे युएफाने, त्याला ३० दिवसांसाठी निलंबित केले. १८ मे रोजी बाझल येथे युरोपा लीगचा अंतिम सामना लिव्हरपूल सेव्हियाकडून १-३ असा हरले, तेव्हा तो संघात नव्हता. त्या उन्हाळ्यात युरो स्पर्धा त्याच्या स्वतःच्या देशात, फ्रान्समध्ये भरली होती, आणि त्याने ती बाहेरून पाहिली.

जुलैमध्ये युएफाच्या शिस्तपालन समितीने प्रकरण निकालात काढले. प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत हायजेनामीनचे नाव तेव्हा नव्हते आणि ते बंदी असलेल्या गटात मोडते की नाही, यावर तज्ज्ञांचेच एकमत नव्हते. ते नाव यादीत स्पष्टपणे आले २०१७ पासून. पुढे वाडाच्या प्रतिनिधींनी साखोविषयी केलेल्या विधानांवरून त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. नोव्हेंबर २०२० मध्ये वाडाने, साखोने नियम मोडला नव्हता आणि फसवणूक केली नव्हती, हे मान्य करून माफी मागितली व भरपाई देण्याचे कबूल केले. पहिल्या बातमीपासून त्या दिवसापर्यंत साडेचार वर्षे गेली होती. मधल्या काळात क्लबशी शिस्तीच्या वेगळ्या कारणांवरून त्याचे बिनसले, आणि लिव्हरपूलच्या मुख्य संघातून तो पुन्हा कधीही खेळला नाही.

आपण त्या रात्री जे लिहिले, ते हजारोंनी लिहिले होते. बातमी खरी होती, प्रयोगशाळेने द्रव्य शोधले होतेच. फक्त नमुना दोषी आढळणे आणि माणूस दोषी ठरणे यांच्यामध्ये जी सुनावणी असते, तिची वाट आपण पाहिली नाही. पोग्बा, माराडोना आणि एसेंडन यांच्या बाबतीत सुनावणीनंतरही काहीतरी शिल्लक राहिले. साखोच्या बाबतीत काहीच राहिले नाही. म्हणून आपली अस्वस्थता मला रास्त वाटते.

तो जुना मजकूर पुसू नका. त्याच्याच खाली आजची तारीख घाला, २०१६ चा निकाल आणि २०२० ची माफी दोन ओळींत लिहा, आणि आपण त्या रात्री घाई केली होती, एवढे नमूद करा. त्या गटातील जे जुने सदस्य अजून आहेत, त्यांतील कितीतरी जणांनी या दोन्ही गोष्टी बहुधा अद्याप वाचलेल्या नसतील.